मोठी मी, मोठ्या बाई ती

बेळगुंदीत माझ्या वयाची जी माणसं आहेत, त्यांतली निम्मी एक जूनला जन्मलेली आहेत. कागदावर. खरी कधी जन्मली ते ज्याच्या त्याच्या आईला ठाऊक. कुणी रताळी काढायच्या दिवसांत, कुणी म्हस व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी. आमच्या गुरुजींना असल्या हिशेबात पडायला वेळ नव्हता. पोर शाळेत आलं की उजवा हात डोक्यावरून घालून डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं, आणि तारीख एक जून. झालं नाव दाखल.

मला आणि माझ्या चुलतबहिणीला आजोबांनी एकाच दिवशी नेलं. माझ्या हाताला कान लागला. तिच्या लागेना, कारण ती नऊ महिन्यांनी धाकटी. मी दिवाळीतली, ती पुढच्या नागपंचमीची. आजोबा म्हणाले, "घ्या की हिलाबी गुरुजी. दोघी संगं येतील, संगं जातील." गुरुजींनी तिचा हात धरून कानाला लावला आणि दोघींच्या नावापुढं एक जून लिहिलं. त्या दिवशी माझे नऊ महिने गेले ते गेलेच. मला अजून राग येतो. गुरुजींचा नाही, तिच्या त्या हाताचा.

हिला मी इथं धाकटी म्हणेन. घरात तिला सगळे तेच म्हणायचे, आणि मला ती आक्का म्हणायची. आमच्याकडं आक्का म्हणजे थोरली बहीण. घरात तो मान पक्का होता. गाडीवर पुढं आजोबांच्या शेजारी बसायचं ते मी. धाकटीनं मागं पोत्यांवर.

पण एकदा रताळ्याची पोती घेऊन शेतातनं येताना आजोबांनी तिला उचलून पुढं बसवलं. तिला ताप होता म्हणे. मी मागं पोत्यांवर बसून तिच्या पाठीकडं बघत होते. गावाकडच्या उताराला गाडी हलली आणि मी तिला ढकललं. ती चाकाच्या लोखंडी धावेवर पडली आणि उजव्या भुवईच्या वरची कातडी फाटली. रक्त बघून माझीच बोबडी वळली. आजोबांनी विचारलं, "कशी पडलीस गं?" ती म्हणाली, "पाय घसरला." मी पोत्याची सुतळी ओढत बसले. भुवईवर वितळलेल्या मेणासारखा एक व्रण राहिला, तो आजही आहे.

पुढं दोघी शिकलो, दोघींनी बी.एड. केलं, आणि तीस-बत्तीस वर्षांपूर्वी बेळगावातल्या एका मराठी शाळेत दोघी एकाच दिवशी लागलो. मी इंग्रजीला, ती गणिताला. हजेरीच्या मस्टरवर तिचा नंबर बारा, माझा तेरा. कोणी विचारलं की मी सांगायचे, "अहो, मी थोरली. लहानांना आधी पुढं करायचं असतं, म्हणून मीच तिला म्हटलं, तू सही कर." ऐकणाऱ्या बायका माना डोलवायच्या. मला बरं वाटायचं.

बारा आणि तेरा. नंबरात काय असतं, असं वाटत होतं. सगळी वर्षं वाटत होतं. मग आमचे मुख्याध्यापक रिटायर व्हायला आले आणि शिक्षण खात्याकडनं सीनियॉरिटी लिस्ट आली. आमच्या दोघींची नोकरी दोन वर्षं उरलेली. आमच्या वर कोणी नाही. लागल्याची तारीख एक, जन्मतारीख एक, मग काय बघायचं? मस्टरचा नंबर. मुख्याध्यापक होणार होती धाकटी.

मराठी शाळेत मुख्याध्यापिकेला काय म्हणतात ते सांगायला नको. मोठ्या बाई.

मी त्या दिवशी घरी येऊन भांडी अशी आदळली की नवरा स्वयंपाकघराच्या दारात आलाच नाही, बाहेरनंच म्हणाला, "काय झालं ते तरी सांग." मी सांगितलं. तो म्हणाला, "मग? तीही आपलीच की." हे आपलीच की म्हणणं सोपं असतं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

माझी एक खोड आहे. एखादा शब्द खुपला की मी त्याच्या मुळावर जाते. शाळेच्या कपाटातला जाड इंग्रजी कोश घरी आणला आणि सीनियर उघडलं. शब्द लॅटिनचा. सेनेक्स म्हणजे म्हातारा, आणि सीनियर म्हणजे त्याहून म्हातारा. बस्स. नोकरीला आधी लागलेला, मस्टरवर वर असलेला, असलं काही मुळात नाही. वय. निव्वळ वय! मी नवऱ्याला वाचून दाखवलं. "बघा, कोशसुद्धा माझ्या बाजूचा आहे."

तो शब्द फार फिरलाय. त्याचंच फ्रेंचांनी सायर केलं, इंग्रजांनी त्याचं सर केलं. म्हणजे आमच्या शाळेत काल लागलेला मिसरूड फुटलेला मास्तर, ज्याला पोरं सर सर करत फिरतात, तो शब्दाच्या हिशेबानं माझ्यापेक्षा म्हातारा. तोच शब्द सिन्योर होऊन पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरला. आमच्या घरमालकांचा मुलगा बेळगावच्या कोर्टात वकिली करतो, केस पांढरे झाले तरी अजून म्हणतो, "सीनियरना विचारून सांगतो." तिथं सीनियर म्हणजे ज्याच्या ऑफिसात तुम्ही फायली उचलल्या तो. कॉलेजात सीनियर म्हणजे वर्षभर आधी ॲडमिशन घेतलेलं कार्टं. बसमध्ये सीनियर म्हणजे ज्याला उठून जागा द्यायची तो. आणि म्हातारचळ लागलेल्या माणसाला इंग्रजीत सेनाइल म्हणतात, तेही त्याच मुळाचं.

पुढं आणखी एक निघालं. सर या शब्दावरनं, साहेबासारखा तोरा मिरवणाऱ्यासाठी इंग्रजांनी एक विशेषण केलं होतं, सर्ली. त्याचा अर्थ घसरत घसरत तुसडा, तिरसट असा झाला. नवरा पेपरातनं डोकं वर न करता म्हणाला, "मग तो शब्द घे की तू. खुर्ची तिला राहू दे." मी त्याला दोन दिवस चहा दिला नाही.

लिस्टच्या खाली लिहिलं होतं, हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. मी हरकत घेतली. लिहिलं की मी वयानं थोरली आहे, घरात आणि शाळेत सदर शिक्षिका मला आक्का म्हणते, आणि रुजू होताना मी केवळ थोरलेपणाच्या रीतीनं तिला आधी सही करू दिली. नवरा म्हणाला, "नऊ महिन्यांनी थोरली ठरलीस तर नऊ महिने आधी रिटायर करतील तुला. मग खुर्ची परत तिलाच." एवढं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पण अर्ज मागं घेतला असता तर ती जिंकली असती. दिला.

मुख्याध्यापकांनी दोघींना बोलावलं. ते भले गृहस्थ, त्यांना कुणाला दुखवायचं नव्हतं. त्यांनी तिला विचारलं, "यांनी थोरल्या म्हणून तुम्हाला आधी सही करू दिली, हे खरं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "व्हय सर. आक्कानंच मला पुढं केलं."

आता खरं काय झालं होतं ते सांगते, कारण इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

रुजू व्हायच्या दिवशी आमच्यापुढं एकेक फॉर्म ठेवला. सगळा कानडीत. तो भरायचा आणि मग मस्टरवर सही. धाकटीचं आजोळ चिकोडीकडचं, काकी कानडी बोलतच आमच्या घरात आलेली, सुट्टीभर ही तिकडं असायची. तिला कानडी फाडफाड येत होतं, लिहायलासुद्धा. माझं आजोळ चंदगडकडचं. मला कानडीत माझं आणि वडलांचं नाव तेवढं लिहिता यायचं, तेही ऑफिसांतल्या फॉर्मांवर सही लागते म्हणून घोकलेलं. ती खाली मान घालून भरत सुटली. मी पेन उघडून बसले. "हिथं काय लिव्हायचं गं?" एवढं विचारायला काय जात होतं? पण मी आक्का. धाकटीला विचारू होय? मी पर्स उघडली, बंद केली, रुमाल शोधला. तिनं फॉर्म संपवला, मस्टरवर सही केली, फॉर्म माझ्या कोपराशी ठेवला आणि "पाणी पिऊन आले" म्हणून बाहेर गेली.

मी तो फॉर्म तिरका धरून बघून बघून उतरवला. म्हटलं, दोघींचं घर एक, गाव एक, तारीख एक, शिक्षण एक. नाव आणि बापाचं नाव सोडलं तर वेगळं काय असणार? काही ओळी कळल्या नाहीत, त्या चित्र काढावं तशा काढल्या. आणि मग सही केली. नंबर तेरा.

ही माझी रीत आणि हा माझा मान.

हरकत फेटाळली. सेवा पुस्तिकेतल्या नोंदीप्रमाणे क्रम योग्य आहे, असं दोन ओळींचं उत्तर आलं. आणि वर कौतुक तिचं! स्टाफरूममध्ये जो तो म्हणायला लागला, "स्वतःच्या विरोधात खरं बोलल्या हो बाई. असा माणूस मिळायचा नाही." मी कोपऱ्यात बसून वह्या तपासत होते. एका पोरीच्या निबंधात मी त्या दिवशी इतक्या लाल रेघा मारल्या की तिची आई दुसऱ्या दिवशी भेटायला आली.

दोन वर्षं. काय सांगू तुम्हाला त्या दोन वर्षांचं. सकाळी शिपाई चहा घेऊन स्टाफरूमवरनं सरळ पुढं जायचा, आधी तिच्या केबिनमध्ये. पंधरा ऑगस्टला दोरी तिच्या हातात. फुलं नीट बांधली नव्हती म्हणून झेंडा वर गेल्यावर फुलं पडलीच नाहीत, आणि मला, देवाशपथ सांगते, आनंद झाला. वर्गातल्या पोरी व्हरांड्यातनं पळता पळता थबकायच्या, "मोठ्या बाई आल्या गं!" आणि माझ्या शेजारून नुसत्याच निघून जायच्या. मला त्या इंग्लिशच्या बाई म्हणायच्या.

मी तिला सगळ्यांदेखत मॅडम म्हणायला लागले. तिला लागावं म्हणूनच. ती ऐकून घ्यायची आणि उत्तर द्यायची, "आक्का, नववीचं टाइमटेबल जरा बघतीस?" इतकं मऊ बोलायची की मला माझीच लाज वाटावी. आणि लाज वाटली की मला आणखी राग येतो. एकदा तर भांडण काढायचं म्हणून मी मुद्दाम केबिनमध्ये गेले. ती खुर्चीवर नव्हती. खिडकीत उभी राहून डबा खात होती. म्हणाली, "बस की." खुर्ची रिकामी होती. मी बसले नाही. पण बसावंसं वाटलं, आणि ते तिला कळलं.

एक जूनवाल्यांची नोकरी मेच्या शेवटच्या दिवशी संपते. आमची दोघींची एकदमच संपणार होती. त्याच्या आधी पेन्शनचे कागद करायला दोघींना ऑफिसात बोलावलं. त्याच दिवशी बेळगुंदीला माझ्या भावाकडं जेवण होतं, दोघींच्या निवृत्तीचं. म्हणून म्हटलं, काम उरकून तिथनंच बसनं जाऊ. ती माझ्या शेजारी बाकड्यावर बसली, मी मध्ये पर्स ठेवली.

क्लार्क कानडी माणूस, पण मराठी चांगलं बोलणारा. त्यांच्याकडं शाळेतल्या बाईला अक्कोर म्हणतात. थोरल्या बहिणीचाच शब्द, मान देऊन. त्यानं धाकटीला हाक मारली, "अक्कोर, या." घरातला तेवढा एक शब्द माझा होता, तोही सरकारी माणसानं तिला दिला.

तिची सेवा पुस्तिका उघडली. त्यानं वाचलं, तिच्या चेहऱ्याकडं बघितलं, मान हलवली, टिक केली. मग माझी. पहिल्या पानाला रुजू होतानाचा तो फॉर्म डकवलेला, तो आम्ही कुणी कधी बघत नाही. दरवर्षी सही घेतात ती मागच्या पानावर. त्यानं बोट ठेवून वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. परत वाचलं. चष्मा काढून पुसला.

"अक्कोर, गुरुतु एल्लैत्री?"

एवढं कानडी मला आता येतं. खूण कुठं आहे, म्हणून विचारत होता.

"कसली खूण?" मी म्हटलं.

"ओळखीची खूण. तुम्हीच लिहून दिलीय की, तुमच्या अक्षरात. उजव्या भुवईच्या वर व्रण." तो पुढं वाकून माझ्या कपाळाकडं बघायला लागला. "दिसंना झालाय. खूण जुळल्याशिवाय कागद पुढं जात न्हाई बघा."

मला उमगायला क्षणभर लागला. चित्र काढावी तशी काढलेली ती ओळ! इतकी वर्षं धाकटीचा व्रण माझ्या नावावर बसला होता. आणि व्रण असलेली बाई माझ्या शेजारी, हातभर अंतरावर उभी होती. क्लार्कनं मान वळवली असती तरी सगळं उघडं पडलं असतं. नक्कल केली, धाकटीची नक्कल केली, आणि त्यावर मानाची गोष्ट रचून सरकारी हरकत घेतली. पेन्शन राहू दे बाजूला, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

क्लार्कनं मान वळवली. तिच्या भुवईकडं बघितलं. मग माझ्याकडं.

ती पटकन म्हणाली, "साहेब, लहानपणी आमी दोघी संगंच पडलो गाडीवरनं. दोघींलाबी तिथंच लागलतं. आक्काचं भरून आलं, माझं ऱ्हायलं." आणि मग कानडीत चार वाक्यं, हसत हसत. तोही हसला. खूण आता दिसत नाही म्हणून नवी खूण लिहू म्हणाला. माझ्या मनगटावर तीळ आहे, तो लिहिला. तिनं मुख्याध्यापिका म्हणून खाली सही केली आणि शाळेचा शिक्का मारला. मोठ्या बाईंची सही. तिच्याशिवाय माझा कागद हलला नसता.

बाहेर आलो. रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. बसस्टँडपर्यंत मी पुढं झपाझप चालले. मग म्हटलं, "तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

"कधीपासनं?"

"पयल्या दिवसापासनं. म्हणून तर फॉर्म तुझ्याजवळ ठेवून गेलते. पाण्याची तहान कुणाला होती?"

"आणि हरकत घेतली तवा बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? आक्कानं माझं बघून लिव्हलं म्हणू? चारचौघांत?"

बेळगुंदीची बस भरलेली. ज्येष्ठांसाठी राखलेल्या बाकावर, हिरिय नागरिकरिगे असं वर लिहिलंय तिथं, एक जागा रिकामी होती. ती दांडीला धरून उभी राहिली. "आक्का, बस तू."

बसले. सोडते होय! दोन वर्षं ती खुर्चीवर बसली, मी एवढ्या बाकावर बसायला काय झालं. ती माझ्यापुढं उभी, बस खड्ड्यातनं हलली की पुढं झुकायची आणि तो व्रण माझ्या डोळ्यांसमोर यायचा. मी खिडकीकडं तोंड केलं. परत वळले की तोच. साठ वर्षांची बाई, भुवईचे केस पिकलेले, आणि त्यांच्या वर तीच मेणासारखी रेघ. इतकी वर्षं शेजारी बसून डबे खाल्ले, पण इतक्या जवळनं मी तो कधी बघितला नव्हता. बघायचा टाळला होता, खरं म्हणजे.

गाव जवळ आलं. रताळ्याच्या शेतांतनं रस्ता खाली उतरतो तिथं बस हलली आणि तिचा हात सुटला. मी तिला दोन्ही हातांनी धरलं. धरूनच ठेवलं आणि तोंडातनं निघून गेलं, "त्या दिवशी तुझा पाय घसरला न्हवता. मी ढकललेलं तुला."

तिनं दांडी परत पकडली. पदर सारखा केला.

"ठाऊक हाय की गं," ती म्हणाली. "म्हणून तर खूण तुझ्या नावावर लागली."

मी दिवाळीतली आणि ती नागपंचमीची. पण बघा, शेवटचं बोलणंसुद्धा तिचंच.